आकडा कुणालाही सांगायचा नाही

कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी व्हिसाची धास्ती घेतली, खाण्यापिण्याची घेतली, तिथल्या भाषेची घेतली. या तिन्हींनी मला काही त्रास दिला नाही. छळलं ते इंटरनेटनं, आणि माझ्या सख्ख्या वडिलांनी.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे बघायचं आमचं काम. त्यासाठी एक नवं मशीन येणार होतं आणि ते शिकायला कुणीतरी ते बनवणाऱ्यांकडे जायचं होतं. दोघा सीनियरांना मागं टाकून माझं नाव आलं, त्यामुळे डिपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांची तोंडं आधीच वाकडी झाली होती. घर आमचं मोशीला. नवरा भोसरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, मुलगी सातवीत, आणि आई गेल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच. अण्णा तरुणपणी लातूरकडून आले आणि पिंपरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले, ते रिटायर होईपर्यंत त्याच गेटवर. इतकी वर्षं इथं राहून त्यांची बोली काही बदलली नाही.

जायचं नक्की झालं आणि जो तो सल्लागार झाला. कुणी म्हणे रोमिंग घ्या, कुणी म्हणे रोमिंगच्या भानगडीत पडूच नका. पूर्वी परदेशी जाऊन आलेला एक जण कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, इथलं सिम नेऊच नका. जुन्या फोनमध्ये घालून घरी ठेवा. ओटीपी आला की घरचे वाचून दाखवतील. तिथं गेल्यावर तिथलं सिम घ्यायचं, विषय संपला."

मला ते पटलं. कल्पना वाईट नव्हती, असं मी अजूनही म्हणते. माझं मेसेजचं ॲप वायफायवर जुन्याच नंबरनं चालणार होतं, त्यामुळे अडचण काहीच दिसत नव्हती. माझं सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन अण्णांच्या हवाली केला. निघायच्या आदल्या संध्याकाळी, अर्धवट भरलेल्या बॅगेशेजारी बसून, मी त्यांना नियम समजावले.

"यावर आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही. तुमच्या स्वतःच्या फोनवर आलेला पण नाही. कुणी लिंक पाठवली तर दाबायची नाही. कंपनीतून बोलतोय म्हणाले तरी नाही, माझं नाव सांगितलं तरी नाही, माझा फोटो असला तरी नाही."

अण्णा दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानावर सगळं लिहून घेत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "आन् तूच मागितला तर?"

"मी मागितला तर द्यायचा, अहो. त्यासाठीच तर फोन ठेवतेय."

"तूच हाईस हे मला कसं कळायचं?"

"माझा आवाज नाही का ओळखत तुम्ही?" मी वैतागून म्हणाले. बॅगेची चेन बसत नव्हती. अण्णांनी वही मिटली.

त्याच भरात मी आणखी एक शहाणपणा केला. माझ्या खासगी ईमेलला नव्या ठिकाणाहून उघडलं की मोबाईलवर आकडा मागायची सोय होती. दर वेळी अण्णांना कशाला त्रास, म्हणून मी ती बंद करून टाकली.

आणि जर्मनीत उतरल्यापासून तिथलं सिम मिळेपर्यंतची सोय म्हणून पिंपरीच्या मार्केटमधून एक कार्ड घेतलं. दुकानदार एकीकडे दुसऱ्याच्या फोनला काच चिकटवत होता. म्हणाला, "मॅडम, शंभरावर देशांत चालतं. विमानातून उतरलात की रेंज."

"पण तिथं नेटवर्क कुणाचं मिळणार?"

"तिथलं जे असेल ते," तो म्हणाला.

आमच्याकडे कुणी अमुक भागाचं माप "जे असेल ते" असं सांगितलं, तर मी तो अख्खा लॉट परत पाठवते. तरीही मी ते कार्ड घेतलं.

विमानतळावर ते चाललं. रेल्वेत बसल्यावर रेंजची एक कांडी, मग शून्य. मी ज्या गावात उतरले ते डोंगरांच्या बेचक्यात होतं आणि तिथं त्या कार्डाला काहीच सापडत नव्हतं. माझी खोली एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. घराला वायफाय होतं, पण त्याचा डबा तळघरात आणि भिंती हातभर जाडीच्या. खोलीत काही यायचं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलं तर यायचं, चौथीवर बसलं तर जायचं.

मुलीला रोज गणित शिकवायचं कबूल करून मी आले होते. तिथले चार म्हणजे आपल्याकडचे साडेसात. सुट्टी झाली की मी घरी येऊन तिसऱ्या पायरीवर बसायची. मुलगी वही कॅमेऱ्यासमोर धरायची आणि नेमकं समीकरणाच्या मधोमध चित्र थिजायचं. "आई, तू हललीस का?" "नाही गं." "मग मी हलते." तेवढ्यात मालकीणबाई धुण्याची टोपली घेऊन खालून वर येणार, मी उठून वाट देणार, की फोन कट. असं रोज.

तिथलं सिम घ्यायचं तर ओळख पटवावी लागते आणि ती म्हणे घरबसल्या व्हिडिओवर होते. म्हणजे इंटरनेट मिळवण्यासाठी आधी इंटरनेट हवं. मी पायरीवर पासपोर्ट घेऊन बसले. पलीकडच्या माणसानं पासपोर्ट तिरका धरायला सांगितला, मग सरळ, मग उजेडात. उजेड खिडकीशी होता आणि रेंज पायरीवर. दोनदा फोन तुटला. तिसऱ्यांदा तो म्हणाला की मी भरलेलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. मधलं वडिलांचं नाव त्याच्या फॉर्मच्या रकान्यात मावत नव्हतं. ते मी काय करू? मी पासपोर्ट मिटला आणि त्या रिकाम्या जिन्यात मोठ्यानं दोन शब्द बोलले, जे मुलीसमोर कधी बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी स्टेशनाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात जायला लागले. तिथं फुकट वायफाय होतं. एके दिवशी यादीत दुकानाच्या नावाची दोन वायफाय दिसली, एकाला कुलूप, एकाला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा पेपर होता आणि मोशीत साडेसात वाजून गेले होते. मी बिनकुलपाचं दाबलं. एक पान उघडलं, त्यानं ईमेल आणि पासवर्ड मागितला. मी माझा ईमेल टाकला आणि माझा नेहमीचा पासवर्ड टाकला, जो माझ्या ईमेललाही तोच होता आणि निम्म्या जगाला तोच होता. त्या वेळी मला काहीसुद्धा खटकलं नाही. उलट त्या दिवशी चित्र एकदाही थिजलं नाही, म्हणून मी खूश होते. सगळी समीकरणं सुटली.

दोन दिवसांनी सकाळी पायरीवर ईमेल उघडायला गेले तर उघडेना. अनोळखी ठिकाणाहून कुणीतरी आत आलं होतं, म्हणून खातं कुलूपबंद केलंय, असं लिहून आलं होतं. त्यात माझं परतीचं तिकीट, विम्याचे कागद आणि फोनमधल्या सगळ्या लोकांचे नंबर. ऑफिसला पोचून कंपनीच्या लॅपटॉपवरून मी चाकणच्या आमच्या आयटीवाल्याला गाठलं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ते बिनकुलपाचं वायफाय दुकानाचं नसणार, पासवर्ड चोरायला कुणीतरी लावलेलं. सायबर सिक्युरिटीच्या ट्रेनिंगला तुम्ही होतात. हजेरीपटावर तुमची सही आहे."

"होते. आता काय करू ते सांगा."

"आधी फोन पूर्ण साफ करा. त्यात काय शिरलंय सांगता येत नाही."

मी तडक फोन साफ केला. साफ झाल्यावर लक्षात आलं की आता मेसेजचं ॲप परत चालू करायलाही माझ्या नंबरवर येणारा सहा आकडी ओटीपी लागणार, ईमेलचं कुलूप काढायलाही तोच. आणि तो नंबर मोशीला, अण्णांच्या कपाटात.

फोनमध्ये आता कुणाचाच नंबर उरला नव्हता. मला पाठ होते दोनच, नवऱ्याचा आणि अण्णांचा. नवऱ्याची पहिली शिफ्ट, आणि त्याच्याकडे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये जमा करावा लागतो. मोशीत तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. मी ऑफिसच्या टेबलावरच्या फोनवरून अण्णांना लावला.

"हॅलो, अण्णा, मी बोलतेय."

"मी कोण?"

"मी, अहो! जर्मनीहून. ऑफिसच्या फोनवरून. ऐका, कपाटातला माझा जुना फोन घ्या. त्यावर आता एक सहा आकडी नंबर येईल, तेवढा—"

"आला का सहा आकड्यावर," अण्णा म्हणाले. "आज दुसऱ्यांदा."

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

"आकरा वाजता मेसेज आलता बाहेरदेशच्या नंबरावरनं. तुझा फोटू लावून. पपा, माझा नवा नंबर घ्या, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत ते चुकून आलेत, मला पाठवा."

"अण्णा, ती मी नव्हते!"

"आन् आता बोलायलीस ती?"

"ही मी आहे!"

"ती बी हेच म्हणायलती."

मी डोळे मिटून घेतले. मग माझं ईमेल कुणीतरी फोडलंय हे सांगितलं आणि ओळखीच्या खुणा एकेक सांगायला लागले. आईचं माहेर सांगितलं, माझी शाळा सांगितली, सायकलवरून पडून हनुवटीला टाके पडले होते तेही सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं मेल फुटलंय म्हणता न्हवं? मग हे समदं त्याच्यात असंल."

वडील मला "तुमचं" म्हणाले होते.

"आवाज तरी ओळखा हो!"

"आवाज बी बनवायलेत आता. टीव्हीवर दाखवलं."

त्यावर माझा तोल गेला. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. तुमच्या या असल्या स्वभावापायी आई आयुष्यभर कावली होती, इतपर्यंत गेले. काचेपलीकडची जर्मन माणसं मान वर करून बघायला लागली. माझं संपल्यावर अण्णा म्हणाले, "पोरगी असाल तर जावई घरी आल्यावर फोन करा. चार वाजता." आणि फोन ठेवला.

मी परत लावला. उचलला नाही. आयटीवाल्याला विनवलं की तुम्ही चाकणहून फोन करून सांगा. त्यानं केला, आणि पाच मिनिटांत मला कळवलं, "मॅडम, ते म्हणतात कंपनीचं नाव सांगणारे लई येतेत." मग त्यानं व्हिडिओची लिंक पाठवली. लिंक अण्णा दाबणार नव्हतेच, ते मीच त्यांना वहीत लिहायला लावलं होतं.

साडेतीन तास मी त्या ऑफिसात बसून काढले. समोर ट्रेनर मशीनचा सूक्ष्म काटा कसा लावायचा ते दाखवत होता आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझ्या नावानं, माझा फोटो लावून, माझ्या ओळखीच्या कुणाकुणाला काय जात असेल याचाच विचार. कुणाला सावध करावं तर नंबर पाठ नाहीत.

नवरा घरी पोचला तेव्हा माझ्याकडे साडेबारा वाजले होते. त्याला फोन केला, आयटीवाल्यानं लिंक त्याच्या फोनवर पाठवली आणि शेवटी मोशीची आमची बैठकीची खोली माझ्या लॅपटॉपवर दिसली. सोफ्यावर नवरा, शेजारी अण्णा. चष्मा लावलेला, मांडीवर वही, हातात माझा जुना फोन. नवऱ्यानं "अहो मामा, तीच आहे" म्हटलं, तर अण्णांनी त्याला हातानं थांबवलं.

"तोंडावरनं हात फिरव," ते मला म्हणाले.

"काय?"

"हात फिरव तोंडावरनं. बनावट असंल तर चित्र फाटतंय म्हणतेत."

मी ऑफिसात, लोकांसमोर, तोंडावरून हात फिरवला. मग मान डावीकडं, मग उजवीकडं. अण्णा स्क्रीनजवळ नाक नेऊन बघत होते. नंतर मागं रेलले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

आता आकडे तरी सुरळीत मिळावेत. अण्णांनी वाचायला सुरुवात केली, "एकोणसाठ…" मी टाकलं. चूक. ते म्हणाले होते एकोणसत्तर. लाईनवर मला साठ ऐकू आलं. नवा ओटीपी मागवला. त्यात अठ्ठेचाळीस की अडतीस यावर त्यांचा आणि नवऱ्याचाच वाद झाला. स्क्रीनवर लिहून आलं की आणखी एकदा चुकलं तर उद्यापर्यंत थांबा. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "अण्णा, सुटे सुटे सांगा! एकेक आकडा!" मग त्यांनी शाळेतल्यासारखं सांगितलं, चार, आठ, शून्य, आणि प्रत्येक आकड्यानंतर "घेतलंस?" विचारलं. घेतलं. उघडलं.

पासवर्ड बदलले, प्रत्येक ठिकाणी वेगळा. बंद केलेली सोय चालू केली. सगळ्यांना मेसेज टाकला की ती मी नव्हे. पण तोवर उशीर झाला होता. चिंचवडला माझी नणंद असते, घरी शिकवण्या घेते. तिलाही अकराच्या सुमाराला तोच मेसेज आला होता. तिनं वहिनी अडचणीत असेल म्हणून एका मिनिटात आकडा पाठवला, आणि तिचंच मेसेजचं खातं गेलं. तिच्या नावानं शिकवणीच्या मुलांच्या आईवडिलांना घाणेरड्या लिंका गेल्या. खातं परत मिळायला आठवडा लागला. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. मी फोन करून माफी मागितली तर म्हणाली, "तू एवढी शिकलेली, मला वाटलं तुझं बरोबरच असणार."

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी माझा अवतार बघून काय झालं ते विचारलं. मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला त्यांच्या गाडीतून शेजारच्या मोठ्या गावी नेलं. तिथं दुकानातल्या माणसानं पासपोर्ट हातात घेऊन बघितला, नाव जसंच्या तसं लिहून घेतलं. मी जाहिरातीतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं सिम मागितलं, तेव्हा मालकीणबाई मधे पडल्या. आमच्या गल्लीत ते लागत नाही, आमचा पोस्टमन दुसरं वापरतो, तेच दे, असं त्यांनी त्याला बजावलं. दहा मिनिटांत काम झालं. तळघरातला वायफायचा डबाही त्यांनी पुतण्याला बोलावून पहिल्या मजल्यावर आणवला. दोन आठवडे मी त्यांच्याच जिन्यात बसून डोकं फोडत होते आणि एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. त्याही मला रोज ओलांडून जात होत्या. त्यांना वाटलं होतं, आमच्याकडे फोनवर जिन्यातच बसून बोलायची पद्धत असेल.

अण्णांशी मी चार दिवस नीट बोलले नाही. ते बरोबर होते हे कळत होतं, आणि त्याचाच राग जास्त येत होता. चार वाजेपर्यंत थांबायला लावलं नसतं तर नणंदेचं खातं वाचलं असतं, असंही मनात यायचं. नंतर वेळा जुळवून बघितल्या तर ती अकरालाच फसली होती, माझा फोन त्यानंतरचा. म्हणजे तोही आधार गेला.

पाचव्या दिवशी मुलीचं गणित संपल्यावर मी म्हटलं, अण्णांना दे.

"त्या दिवशी मी जास्तच बोलले," मी म्हणाले. "आईचं नाव काढायला नको होतं."

"ते काढलंस तवाच वळखलं मी. असं दुसरं कोण बोलतंय मला?"

"मग आकडा का नाही दिलात?"

अण्णा म्हणाले, "वळखलं म्हणजे, वाटलं. नुसतं वाटलं म्हणून एकदा गेटातनं आत सोडलं होतं एकाला, लई वर्षांमागं. ओळखीचाच होता. नंतर मला साहेबापुढं उभं ऱ्हावं लागलं." पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आजवर घरात ही गोष्ट कधीच निघाली नव्हती.

मी परत येऊन आता बरेच महिने झाले. मशीन चाकणला आलं, बसलं, चालू आहे. नणंद बोलते, सणाला येते, डबाही देते. पण मी फोन केला की उचलत नाही. दोन रिंगा वाजू देते, कट करते आणि मग स्वतः व्हिडिओ कॉल लावते. माझं तोंड नीट दिसेपर्यंत हॅलोसुद्धा म्हणत नाही. कधी मी गाडीवर असते, कधी कंपनीत ग्लोव्हज घालून. मला दर वेळी चीड येते. मी गाडी बाजूला घेते, हेल्मेट काढते आणि तिला तोंड दाखवते.